कर्जाचे हप्ते चालू असताना दशमांश थांबवला तर पाप लागतं का? आणि दशमांश एकूण पगारावर काढायचा की हातात येणाऱ्या पगारावर?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की दोन महिने दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवासाठी, दिलेला नाही आणि तो आता व्याजासारखा डोक्यावर चढत चाललाय. त्या वाक्यासाठी लिहायला बसलो. इथे आधी आलेल्या उत्तरांत कुणी 'सगळा दशमांश भांडारात आणा' हे बायबलमधलं मलाखी 3:10 चिकटवून मोकळं झालंय, कुणी 'आपण आता कृपेखाली आहोत, जुना नियम लागू नाही' म्हणून विषय संपवलाय. पण हे डोक्यावर चढणं काय असतं, ते मी सात महिने भोगलंय.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाकिटांची पद्धत होती. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक कुटुंबाने दर आठवड्याला किती देणार त्याचं वचन लिहून द्यायचं. मग 52 पाकिटांचा गठ्ठा मिळायचा, प्रत्येकावर कुटुंबाचा क्रमांक. आमचा 43. रविवारी अर्पणाची थैली फिरली की पाकीट त्यात टाकायचं आणि उपासना सुटल्यावर मागच्या खोलीत दोघांनी बसून मोजणी करायची.

तीन वर्षं त्या दोघांपैकी एक मी होतो. दुसरे एक काका, माझ्या वडिलांच्या वयाचे, निवृत्त. ते पाकिटं फोडायचे आणि वहीत क्रमांकापुढे रक्कम लिहायचे, मी नोटा सरळ करून गड्डी लावायचो, नाणी मोजायचो. एका रविवारी एका पाकिटातून पैसे निघालेच नाहीत. नोटेच्या मापाची, नीट घडी घातलेली वर्तमानपत्राची पट्टी निघाली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काका, लोक आता देवालाही फसवायला लागले." काकांनी ती पट्टी उचलून खिशात घातली, पाकीट पालथं ठेवलं आणि म्हणाले, "तू नाणी मोज." वहीत त्यांनी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. पाहायची गरजही वाटली नाही, कारण मला वाटलं होतं तिथे शून्यच असणार.

पुढे दोनेक वर्षांत माझी नोकरी गेली. मोजणीचं काम मी त्याआधीच सोडलं होतं. बायकोच्या पगारात घराचा हप्ता जेमतेम बसायचा. पहिले तीन रविवार साठवलेल्यातून काहीतरी घातलं, मग तेही संपलं. ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांना थैली पुढे सरकवणं म्हणजे काय ते कळायचं नाही. रांगेत शेजारी बसलेला माणूस बघत नसतो, पण आपल्याला तो बघतोय असंच वाटतं. रिकामं पाकीट टाकून बघितलं. ते बोटांत धरल्याबरोबर कळतं, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. चौथ्या शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर मी कात्री घेतली आणि वर्तमानपत्राची पट्टी कापली. घडी घालताना हात थांबला. ही घडी मी आधी पाहिली होती.

पुढचे सात महिने मी तेच करत राहिलो. प्रार्थनेला उभा राहिलो की मनात फक्त आकडा यायचा, वचनाची रक्कम गुणिले उलटलेले रविवार. देवाशी बोलायचं बाजूला राहिलं होतं, मी हिशेबच करत होतो.

वर्ष संपलं आणि कमिटीकडून छापील पत्र आलं. तीन रकाने होते: वचन, जमा, थकबाकी. खाली लिहिलं होतं की थकबाकी लवकरात लवकर भरून सहकार्य करावं. 'थकबाकी' शब्द वाचून बायको रडली. मी मात्र मधल्या रकान्याकडे बघत राहिलो. जमा रक्कम पहिल्या काही महिन्यांच्या पैशांपेक्षा बरीच जास्त होती, आणि मी तर सात महिने कागद टाकत होतो.

चिटणिसांकडे गेलो आणि वही बघायला मागितली. 43 पुढे दर रविवारी रक्कम होती. मोठी नव्हे आणि एकसारखीही नव्हे, कधी एवढी तर कधी तेवढी, जसं अडचणीतलं घर देईल तशी. अक्षर काकांचं होतं. त्यांचा नऊ नेहमी ओळीच्या खाली उतरायचा. त्याच पानावर त्यांचा स्वतःचा क्रमांकही होता आणि तिथली रक्कम एका रविवारीही कमी झालेली नव्हती. म्हणजे माझ्या नावावर जे पडत होतं ते त्यांच्या ठरलेल्या अर्पणाच्या वरचं होतं, निवृत्तिवेतनातून.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दारातच सांगितलं, "पाकिटात होतं ते लिहिलं." मी म्हटलं, "काका, पाकिटात कागद होता." ते म्हणाले, "मला पैसे दिसले." आणि विषय बदलला. वारले तोपर्यंत त्यांनी यापेक्षा एक शब्द जास्त सांगितला नाही. त्या आधीच्या वर्तमानपत्राच्या पट्टीपुढे त्यांनी काय लिहिलं असेल हे आता मला माहीत आहे. ती कुणाची होती ते मला शोधायचं नाही.

चिटणिसांशी मात्र माझं त्या दिवशी वाजलं आणि ते भांडण माझ्या मनात अजून मिटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, देणं ही आत्मिक शिस्त आहे, वही नसेल तर शिस्त कुठून येणार? शिवाय मलाखी म्हणतोच की दशमांश न देणं म्हणजे देवाला लुटणं. तेव्हा मला नीट उत्तर सुचलं नाही. आता देतो, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं यातच आहे.

मलाखीतलं ते भांडार धान्याचं होतं. त्या ओळीतच कारण दिलंय, मंदिरात अन्न असावं म्हणून. मोशेच्या नियमशास्त्रात दशमांश शेताच्या उत्पन्नावर आणि गुराढोरांवर होता. उत्पन्न असेल तर त्याचा दहावा भाग, पीकच आलं नाही तर दशमांशही नाही. बायबलमधलं अनुवाद 14 काढून बघा. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, आणि तो लेवी (मंदिराची सेवा करणारे, ज्यांना स्वतःची जमीन नव्हती), परका, पोरका आणि विधवा यांनी पोटभर खायचा. म्हणजे त्या सात महिन्यांत मी देवाचा देणेकरी नव्हतोच, त्या भांडारातून घेणाऱ्यांच्या रांगेत होतो. कमिटीने मला पत्र नव्हे, पिशवी पाठवायला हवी होती. हे चिटणिसांना कळलं नाही, काकांना न शिकवता कळलं होतं.

पौलाने यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा करिंथकरांना काय लिहिलं? जवळ असेल त्या मानाने देणं मान्य होतं, नसेल त्या मानाने नव्हे (2 करिंथ 8:12). लगेच पुढे लिहिलं की दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला भार असा माझा हेतू नाही, समानता व्हावी. जमीन विकून त्यातले थोडेच पैसे प्रेषितांपुढे ठेवणाऱ्या हनन्यालासुद्धा पेत्र म्हणतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच ताब्यात होते. त्याचा गुन्हा कमी देणं हा नव्हता, थोडं देऊन सगळं दिल्याचं दाखवणं हा होता. साधारण 155 साली जस्टिन या रोममधल्या ख्रिस्ती विचारवंताने सम्राटाला लिहिलेल्या निवेदनात रविवारच्या उपासनेचं वर्णन आहे. ज्यांची ऐपत आहे आणि इच्छा आहे ते आपापल्या मनाप्रमाणे देतात, आणि तो पैसा पोरके, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांच्यासाठी वापरला जातो, असं तो सांगतो. त्यात थकबाकी कुठेच नाही. दशमांश दिला नाही तर मंडळीबाहेर काढू असा ठराव गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) माकोंच्या धर्मसभेने केला तो 585 साली, म्हणजे जस्टिननंतर चारशेहून अधिक वर्षांनी.

तेव्हा, पाप लागतं का? नाही. कर्ज फेडणं हेसुद्धा प्रामाणिकपणाचंच काम आहे. दुसऱ्याचे पैसे अडकवून देवाला अर्पण करायला देवाने सांगितलेलं नाही. 'हे देवाला वाहिलं' म्हणून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशूने काय सुनावलं ते मार्क 7 मध्ये आहे.

पण हात पूर्ण आखडू नका. इथे मी कृपेखाली म्हणणाऱ्यांच्याही विरुद्ध आहे. उपासात जसं भूक आपल्यावर किती राज्य करते ते कळतं, तसं देताना पैसा किती राज्य करतो ते कळतं. पगार झाल्यावर मी काही तास त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने बघतो, सुरक्षित वाटतं, आणि ती सुरक्षितता मला देवाकडून मिळायला हवी होती. म्हणून देण्याचा वाटा पहिल्याच दिवशी बाजूला काढतो. महिनाअखेरीस उरेल त्यातून द्यायचं ठरवलं की काही उरत नाही, असा माझा अनुभव आहे. पौलही आठवड्याच्या पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवायला सांगतो. त्यातला एक भाग मंडळीत जातो, दुसरा अशा माणसाकडे जातो जो कधीच परत करू शकणार नाही आणि ज्याला माझं नाव कळणार नाही. हा दुसरा भाग मला जास्त जड जातो, कारण पावती नाही, आभार नाहीत. मत्तय 6 मधलं, उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू न देणं मी पन्नास प्रवचनांत ऐकलं असेन, पण दिसलं ते त्या वहीच्या पानावर.

हे वाचून कुणी मंडळीला देणं बंद करणार असेल तर मी चुकीचं लिहिलंय. पाळकांचं घर त्याच अर्पणावर चालतं. आमच्या पाळकांचा पगार दोनदा थांबलेला मी पाहिलाय, आणि चिटणिसांची चिंता त्याच अनुभवातून आलेली होती हे मला मान्य आहे. वहीलाही माझा विरोध नाही, हिशेब चोख हवा. माझा विरोध त्या तिसऱ्या रकान्याला आहे. दुसरं, शंभरपट परत मिळेल असं सांगून पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा, तुमच्यासारख्या कर्जात असलेल्यांनाच ते आधी गाठतात. आणि जे काही ठरवाल ते घरात बोलून ठरवा. मी सात महिने बायकोपासून ती कात्री लपवली होती, ते आजही मला खुपतं.

एकूण पगार की हातातला, हे राहिलंच. पगारपत्रकाबद्दल बायबलमध्ये काही नाही. मी हातात येणाऱ्यावर काढतो, बायको तिच्या एकूण पगारावर काढते. कर्ज फिटेपर्यंत तुम्ही दहावा भाग सोडा, झेपेल असा ठरावीक वाटा घ्या, पण पहिल्या दिवशी काढा. आणि राहिलेल्या दोन महिन्यांचं भरून काढू नका. तिथे काही बाकी नाही.