एकाच रेड्याच्या दोन वगारी, एक भरली अन् एक खुरटली

प्रश्न : आमच्याकडं दोन गावरान म्हशी हायेत, दोघींना मुऱ्हा जातीच्या रेड्याच्या वीर्याची एकाच नंबरची कांडी भरली होती. एकीची वगार (मादी रेडकू) दिवाळीच्या आधी झाली, ती अशी भरली की बघत राहावं. दुसरी पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली, तिची वगार शिमग्यानंतर झाली, ती आता वर्षाची होत आली तरी पोट मोठं, पाठ बारीक अन् केस राठ. घरचे म्हणतात खाण तशी माती, कांडीच खराब निघाली, विकून टाका. विकावी का? (एक वाचक ताई, वसमत तालुका)

उत्तर : ताई, विकायची घाई अजिबात करू नका. कांडी एकाच नंबरची म्हणजे बाप एकच, मग कांडी खराब असती तर थोरली एवढी भरली असती का? आता एका बापाच्या लेकीसुद्धा सारख्या नसतात हे खरंय, बापाचा अर्धा वाटा प्रत्येकीला वेगवेगळा येतो, पण तुम्ही सांगताय तसं पोट मोठं आणि केस राठ हे रक्ताचं लक्षण नाही, ते जंताचं आणि उपासमारीचं लक्षण आहे. रक्त काय ठरवतं, तर वगार जास्तीत जास्त किती भरू शकते ते, तिथपर्यंत ती पोचते का नाही हे चीक, दूध, चारा आणि ऊन यांच्या हातात असतं.

आईचंच बघा. आईकडून नुसतं रक्त येत नाही, पोटातलं पोषण येतं आणि नंतर दूध. पहिलारू म्हैस स्वतःच अजून वाढत असते, रेडकू जरा लहान होतं, दूधही कमी, त्यात आपण धारेसाठी काढून घेतो. आणि आपल्याकडं अजून कितीतरी घरांत वार (जार) पडल्याशिवाय चीक पाजत नाहीत, हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. म्हशीच्या रेडकाला रोगाशी लढायची ताकद पोटात असताना मिळत नाही, ती चिकातूनच मिळते, आणि ती शोषून घ्यायची आतड्याची ताकद तासातासाला कमी होत जाते, एका दिवसात जवळजवळ संपते. वाराची वाट बघू नका, रेडकू उठलं की तासा-दोन तासांत पाजा, आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक पोटात गेला पाहिजे, म्हणजे 30 किलोच्या रेडकाला 3 लिटर, दोन-तीन वेळा करून.

रेडकातले मोठे गोल जंत तर आईच्या दुधातूनच येतात, म्हणून पहिला डोस 10 ते 15 दिवसांचं असतानाच द्यायचा, डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे.

शिमग्यानंतर झालेल्या रेडकाचं नशीब आणखी वेगळं. दूध तुटायच्या आत आपला उन्हाळा, हिरवं काही नाही, नुसता कडबा, आणि कडब्यात प्रथिनं फारच कमी. काळी कातडी, घाम कमी, अंगावर ऊन घेतलं की खाणं सोडतं. दिवाळीच्या रेडकाला हे सोसायच्या आत चार-पाच महिने मिळाले होते.

आता करायचं काय, तर आधी शेण तपासून जंताचं औषध, मग कडबा कुट्टी करून त्यात शेवरी नाहीतर मेथी घास, थोडी सरकी पेंड, खनिज मिश्रण, भरपूर पाणी आणि झाडाची सावली. थोरलीएवढी होईलच असं मी म्हणणार नाही, पहिल्या महिन्यांत हुकलेलं सगळं भरून येत नाही, पण बरंच येतं. माजावर येणं वयापेक्षा वजनावर जास्त अवलंबून असतं, मुऱ्हा वगार साधारण 300 ते 350 किलोला भरवतात, तुमच्या गावरान म्हशीच्या पोटची त्याच्या जरा अलीकडंही चालेल. एकच सांभाळा, गावातल्या रेड्याकडून त्याचीच लेक भरवू नका, जवळच्या रक्तात रेडकं खरोखर खुरटतात. कांडीवरचा नंबर वहीत लिहून ठेवत जा.

वजनकाटा नसला तरी टेप असतोच. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्यापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी इंचात घ्या, घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, किलोत वजन येतं. 44 घेर, 36 लांबी म्हणजे साधारण 105 किलो. जंताच्या औषधानंतर दर महिन्याला मोजा, 12 किलोच्या आसपास वाढ दिसली तर चारा लागू पडतोय, नाही दिसली तर शेण घेऊन परत डॉक्टरांकडं जा.