वाचकांचे प्रश्न : अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि लशीची तारीख

प्रश्न : माझी मुलगी २७व्या आठवड्यात जन्मली, वजन ९२० ग्रॅम. आता आठ आठवड्यांची झालीय, अठराशे ग्रॅमवर पोचलीय, पण अजून एनआयसीयूतच (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. खरं तर प्रसूतीची तारीखच अजून पाच आठवड्यांनी आहे. अशात डॉक्टर पहिल्या लशी द्यायचं म्हणतात. घरचे म्हणतात, दिवस तरी भरू द्या. निदान अर्धा डोस द्यायला सांगू का? आणि तिचं शरीर लशीला दाद देणारच नसेल, तर उगाच टोचून काय उपयोग?
— एक आई

उत्तर : थांबू नका. आणि अर्ध्या डोसचं तर नावच काढू नका. अर्ध्या डोसने त्रास अर्धा होतो असं काही नाही. संरक्षण मात्र नक्की कमी पडू शकतं.

तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे, कारण तो आम्ही डॉक्टरच घालतो. बाळ मान कधी धरेल, बसेल कधी, हे विचारलंत की आम्ही 'करेक्टेड वय' मोजायला सांगतो, म्हणजे प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासूनचं. लशीला तो हिशेब लागू नाही. लशीचं वय जन्मतारखेपासूनच धरायचं, बाळ २७ आठवड्यांचं असो की ४०.

याचं कारण वारेत आहे. आईच्या आयजीजी अँटीबॉडीज (जंतूंशी लढणारी एका प्रकारची प्रथिनं) वारेतून बाळाकडे जातात, पण त्यातला मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत जातो. २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमाराला बाळाच्या रक्तात आईच्या साधारण निम्म्या अँटीबॉडीज असतात. पूर्ण दिवसांच्या बाळात त्या आईपेक्षाही जास्त भरतात. तुमची मुलगी त्याआधीच बाहेर आली. त्यात या उसन्या अँटीबॉडीज दर तीन-चार आठवड्यांनी निम्म्या होत जातात. आठ आठवड्यांनंतर मुळातच कमी असलेल्या त्या शिदोरीतलं कितीसं उरलं असेल, तुम्हीच बघा. आणखी एक : डांग्या खोकल्याची लस गरोदर आईला बऱ्याच ठिकाणी २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान देतात. तुमची प्रसूतीच २७व्या आठवड्यात झाली, तेव्हा तीही बहुधा राहिली असेल. डांग्या खोकला आणि न्युमोकोकस (न्युमोनियासारखे आजार करणारा जंतू) हे दोन्ही अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जास्त छळतात. म्हणजे ज्या मुलीला लशीची जास्त गरज, तिलाच घरचे ताटकळत ठेवा म्हणताहेत.

आता दाद देण्याबद्दल. तुमची शंका अगदीच चुकीची नाही. फार लवकर जन्मलेल्या बाळांत हिब (मेंदूज्वर, न्युमोनिया करणारा जंतू), हिपॅटायटिस बी आणि न्युमोकोकसच्या काही प्रकारांविरुद्ध अँटीबॉडीज पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा कमी तयार होतात. फुप्फुसांसाठी बाळाला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा कोर्स झाला असेल तर हिबची पातळी आणखी खाली राहू शकते. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. पहिले सगळे डोस झाले की बहुतेक बाळं संरक्षणापुरती पातळी गाठतात. आणि म्हणूनच दुसऱ्या वर्षातला बूस्टर या मुलांसाठी चुकवायचा नसतो. बाळ गुटगुटीत झालं की आईबाप नेमका तोच विसरतात, हा माझा नेहमीचा वैताग!

प्रतिकारशक्तीही प्रसूतीच्या तारखेची वाट बघत बसत नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी १०० नवजात बाळांच्या रक्तातल्या प्रतिकारपेशींचा माग काढला. ते काम २०१८ साली प्रसिद्ध झालं. जन्माच्या वेळी अपुऱ्या आणि पुऱ्या दिवसांच्या बाळांत ठळक फरक होते. पण पुढच्या काही महिन्यांत दोघांच्या पेशींची वाटचाल सारखी होत गेली. बाहेरच्या जंतूंशी गाठ पडली की शरीर शिकायला लागतं, मग ते बाळ कितव्या आठवड्यात का आलेलं असेना.

प्रत्यक्ष टोचतानाचं सांगते, म्हणजे धसका कमी होईल. इंजेक्शन मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात, सुई छोटी असते. आधी जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब द्यायला किंवा बाळाला तुमच्या छातीशी धरायला परवानगी आहे का, ते सिस्टरना विचारा. दोन्हींनी दुखणं कमी होतं. त्यानंतर ४८ तास मॉनिटर लावलेला ठेवतात. काही बाळांचा श्वास मध्येच थबकतो, ठोके मंदावतात, ऑक्सिजनचा आकडा घसरतो आणि अलार्म वाजतो. सिस्टर तळपायाला हलकेच टिचकी मारतात, की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. आधीपासून श्वास थांबायची सवय असलेल्या बाळांत हे जास्त दिसतं. एनआयसीयूत असतानाच लस द्यायचा हाही एक फायदा आहे : हे सगळं बघायला माणसं आणि यंत्रं तिथे हजर असतात. लशीनंतर थोडा ताप येऊन सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा आकडा) वाढला, तर जंतुसंसर्गाच्या शंकेने रक्त तपासतील. लगेच हवालदिल होऊ नका.

दोन गोष्टी मात्र विचारून ठेवा. एक, जन्मतःचा हिपॅटायटिस बीचा डोस. वजन दोन किलोच्या आत आणि आईची तपासणी निगेटिव्ह असेल तर तो पुष्कळदा महिनाभराने देतात. आई पॉझिटिव्ह असेल तर वजन न बघता १२ तासांच्या आत देतात, पण तो डोस हिशेबात धरत नाहीत. दुसरी, रोटाव्हायरस या जुलाब करणाऱ्या विषाणूवरची लस. ही तोंडाने द्यायची जिवंत लस आहे आणि अनेक वेळापत्रकांत पहिल्या डोसची मुदत १५ आठवड्यांना संपते. काही एनआयसीयूत ती घरी सोडतानाच देतात. मुक्काम लांबला तर मुदत टळेल, म्हणून आत्ताच विषय काढा.

प्रश्न : २९व्या आठवड्यात जन्मलेला नातू परवा घरी आला. आम्ही आजी-आजोबांनी काय काळजी घ्यावी? त्याला फ्लूची लस द्यावी का?
— एक आजोबा

उत्तर : त्याला नाही, तुम्हाला. फ्लूची लस सहा महिने पुरे झाल्याशिवाय देत नाहीत (इथेही जन्मतारखेपासूनच). तोवर त्याच्या जवळ वावरणाऱ्या सगळ्यांनी ती घ्यायची आणि डांग्या खोकल्याचा बूस्टरही. सर्दी-खोकला झालेल्या माणसाने, मग तो कितीही मानाचा पाहुणा असो, बाळाला घ्यायचं नाही.

डॉक्टरांना आरएसव्ही या लहान बाळांच्या फुप्फुसांना बाधणाऱ्या विषाणूबद्दलही विचारा. त्यावर तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन मिळतं. जुनं पॅलिविझुमॅब १९९८मध्ये आलं, पण ते हंगामात दर महिन्याला द्यावं लागायचं. नवं निर्सेविमॅब हंगामाला एकदाच पुरतं. ही लस नव्हे, त्यामुळे बाकीच्या लशी पुढे ढकलायचं काही कारण नाही. डिस्चार्जच्या कागदांत त्याच्या झालेल्या लशींच्या तारखा असतील. पुढच्या भेटीला तो कागद बरोबर न्या.