बिल तुमच्या टेबलावर पास झालं, चूक कुठे झाली होती?

पत्र, थोडक्यात: मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात 26 वर्षं अकाउंट्स बघतो. मुलगा नवी मुंबईत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमच्याकडे एका पुरवठादाराला जास्त पैसे गेल्याचं ऑडिटमध्ये निघालं. बिल मी पास केलं होतं, त्यामुळे मलाच उत्तरं द्यावी लागली. घरी ते बोलणं मुलाने ऐकलं. आता त्याला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यावरच करायचा आहे. डेटाबेस आणि ‘कन्स्ट्रेंट प्रोग्रॅमिंग’ वापरून कंपनीच्या कामकाजात चूक कुठे झाली ते शोधायचं, असं तो म्हणतो. गाइड सरांचं म्हणणं, चॅटबॉट कर, सोपं पडेल. मला यातलं काही कळत नाही. यात त्याला नोकरी मिळेल का? की मी त्याला समजवावं?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ‘मला यातलं काही कळत नाही’ या तुमच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण ते मला पटत नाही. मुलगा जे शिकू पाहतोय ते काम तुम्ही 26 वर्षं हाताने करत आला आहात. पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअरची नोंद) आणि बिल शेजारी ठेवून मेळ घालणं, हेच ते काम. मेळ बसला नाही की चूक कोणत्या पायरीवर झाली हे यंत्राकडून काढून घेणं, एवढी एकच गोष्ट त्याला पुढे करायची आहे.

मी समुपदेशनाकडे वळण्याआधी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात नियोजन विभागात होते. तिथे एकदा मालात तूट निघाली आणि आळ स्टोअरकीपरवर आला. पुढे कळलं की त्याच्या आधीच्या पायरीवर परत गेलेल्या मालाची नोंदच झाली नव्हती. तोवर त्या माणसाचे दोन महिने मान खाली घालून गेले होते. चूक जिथे उघडी पडते तिथे ती झालेली असतेच असं नाही, हे मला तेव्हा उमगलं. तुमच्या मुलाच्या मनात तुमच्या बाबतीत हाच प्रश्न उभा राहिला असणार, आणि म्हणून मला हा विषय मोलाचा वाटतो.

आता विषय काय आहे ते एका उदाहरणावर बघू. आकडे मी मनाने घेतलेले आहेत, प्रसंग तुमच्या ओळखीचा आहे.

लोखंडी ब्रॅकेटच्या 500 नगांची पीओ, दर 240 रुपये. एका नगाचं वजन 1 किलो 200 ग्रॅम. माल आला. गेट इनवर्ड रजिस्टरमध्ये नोंद 480 नगांची. स्टोअरने जीआरएन केली 500 ची. बिल आलं 500 नगांचं: 1,20,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 21,600, एकूण 1,41,600. पीओ 500, जीआरएन 500, बिल 500. तुमच्या टेबलावर तिन्ही कागद जुळले आणि तुम्ही बिल पास केलं. त्यात तुमचं काय चुकलं?

मुलाचा प्रोग्रॅम इथे वेगळा विचार करतो. तो प्रत्येक पायरीसाठी एक नियम लिहितो. गेटने बरोबर मोजलं असेल तर गेटची नोंद म्हणजे खरोखर आलेला माल. स्टोअरने बरोबर मोजलं असेल तर जीआरएन म्हणजेही खरोखर आलेला माल. पास केलेली संख्या जीआरएनपेक्षा जास्त नसावी. एकूण रक्कम म्हणजे संख्या गुणिले दर, अधिक कर. या नियमांनाच कन्स्ट्रेंट म्हणतात, मराठीत ‘अट’ म्हटलं तरी चालेल. आधी सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत असं धरायचं. मग एकाच वेळी माल 480 ही हवा आणि 500 ही हवा, आणि अटी एकमेकींशी भांडतात. मग प्रोग्रॅम एकेका पायरीला ‘ही चुकली असेल’ म्हणून सूट देऊन बघतो. गेटला सूट दिली तर भांडण मिटतं, स्टोअरला दिली तरी मिटतं. तुमच्या बिल पास करण्याच्या पायरीला सूट दिली तर मात्र काहीच मिटत नाही. म्हणजे इथवरच संशयितांच्या यादीतून तुमचं नाव निघालं.

गेट की स्टोअर, हे अजून ठरलेलं नाही. आता काटा पावती, म्हणजे वजनकाट्यावर माल तोलल्याची पावती, काढा. निव्वळ वजन 576 किलो. भागिले 1.2 केलं की 480 नग. आता गेटला दोष द्यायचा तर वजनकाटाही चुकला असं मानावं लागतं, म्हणजे दोन चुका. जीआरएनला दोष दिला तर एकाच चुकीत सगळं जुळतं. प्रोग्रॅम दोन्ही शक्यता सांगतो, पण कमी चुकांची आधी. 20 नगांचे 4,800 आणि त्यावरचा कर 864, असे 5,664 रुपये जास्त गेले, आणि ते स्टोअरच्या पायरीवर गेले असण्याची शक्यता सगळ्यात मोठी. डिलिव्हरी चलनावर 500 लिहिलेलं असेल, पण ते पुरवठादाराचं म्हणणं. ते आपल्या प्रक्रियेच्या पायऱ्यांत धरायचं नाही. (चलन बघून जीआरएन उतरवण्याची सवय किती ठिकाणी आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.)

एक गोष्ट मुलाला आवर्जून सांगा. प्रोग्रॅम पायरी दाखवतो, माणसावर आरोप करत नाही. स्टोअरमध्ये त्या दिवशी एकच माणूस होता का, गाडी संध्याकाळी सातला आली होती का, हे तिथे जाऊनच विचारावं लागतं.

या विचारामागे चांगला भक्कम पाया आहे. ‘सगळं बरोबर आहे असं धरा, विसंगती काढा, ती मिटवणारे कमीत कमी दोष शोधा’ ही मांडणी रेमंड रायटर यांनी 1987 साली तर्कशास्त्राच्या भाषेत केली. त्याच वर्षी डी क्लीर आणि विल्यम्स यांनी एकापेक्षा जास्त दोष एकत्र असतील तर काय करायचं यावर काम प्रसिद्ध केलं. तेव्हा डोळ्यांसमोर इलेक्ट्रॉनिक सर्किट होती. पुढे तीच पद्धत कंपन्यांच्या कामकाजाला लावण्यावर काम झालं, स्पेनमधल्या सेव्हिल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यात बरंच केलं आहे.

डेटाबेस कशाला, असं गाइड सर विचारतील. उत्तर सोपं आहे. अटी सोडवणारा प्रोग्रॅम, ज्याला सॉल्व्हर म्हणतात, तो हुशार असतो पण मंद होऊ शकतो. त्याच्यासमोर लाखो व्हाउचर टाकली तर तो गुदमरेल. म्हणून आधी एसक्यूएलने, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या भाषेने, जुळणारी व्हाउचर बाजूला काढायची आणि न जुळणारी तेवढी सॉल्व्हरला द्यायची. फक्त जुळवणी करताना तीन कागदांवर थांबायचं नाही. वरच्या उदाहरणात गेटची नोंद घेतली नसती तर ते व्हाउचर जुळणाऱ्यांतच गेलं असतं. दुसरं म्हणजे अटी प्रोग्रॅममध्ये कोंबून ठेवण्याऐवजी डेटाबेसमध्येच माहितीसारख्या साठवल्या, तर पुरवठादार बदलला, करार बदलला, की टेबलातली एक ओळ बदलायची. अटींनाच डेटाबेसमधली माहिती मानायची ही कल्पना कानेलाकिस, कुपर आणि रेव्हेझ यांनी 1990 साली मांडली.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो भाग पुढचा आहे. चूक होऊन गेल्यावर सापडण्यापेक्षा होण्याआधी कळली तर? तुम्हाला सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या 45 दिवसांच्या नियमाची डोकेदुखी माहीत आहे. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे. आर्थिक वर्ष 2023-24 पासून मुदत चुकली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. आता समजा आज 38 वा दिवस आहे आणि दोन सह्या बाकी आहेत, प्रत्येकीला कमीत कमी चार दिवस लागतात. 38 अधिक 8, म्हणजे 46. मुदत अजून संपलेली नाही, पण अटी आजच तुटल्या आहेत. हे 38 व्या दिवशी सांगणारा प्रोग्रॅम बिल पास करणाऱ्या माणसाच्या फार कामाचा आहे.

आता नोकरीचं. ‘कन्स्ट्रेंट प्रोग्रॅमर पाहिजे’ अशी जाहिरात ऐरोली, रबाळे, महापेच्या पट्ट्यात रोज दिसणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. जाहिराती वेगळ्या नावांनी येतात: डेटा अॅनालिस्ट, ईआरपी (कंपनीचे सगळे विभाग जोडणारं सॉफ्टवेअर) कन्सल्टंट, अंतर्गत लेखापरीक्षणातलं डेटाचं काम, सप्लाय चेन प्लॅनिंग, प्रोसेस मायनिंग. यातलं शेवटचं नाव मुलाने नीट समजून घ्यावं. कंपनीच्या संगणकातल्या नोंदींवरून कामकाज प्रत्यक्षात कसं चालतं ते काढण्याचं हे शास्त्र नेदरलँड्समध्ये विल व्हॅन डर आल्स्ट यांनी वाढवलं. म्युनिकची सेलोनिस ही कंपनी 2011 साली याच कामासाठी निघाली आणि आज मोठमोठ्या कंपन्या तिचं सॉफ्टवेअर वापरतात. खरेदी ते पेमेंट हा त्यांच्या कामातला अगदी नेहमीचा विषय, म्हणजे पुन्हा तुमचंच टेबल.

कॅम्पसला मात्र अॅप्टिट्यूड, डेटा स्ट्रक्चर्स, जावा किंवा पायथन आणि एसक्यूएल हेच विचारतील. त्याची रोजची तयारी या प्रोजेक्टच्या नादात सुटता कामा नये. पहिली नोकरी टेस्टिंगची किंवा सपोर्टची मिळाली तरी नाराज होऊ नये. खरेदी, स्टोअर, अकाउंट्स यांचा व्यवहार समजणारा इंजिनिअर तिथून लवकर पुढे सरकतो, हे मी माझ्याकडे आलेल्या मुलांमध्ये पाहिलं आहे. पुढे संशोधनाकडे जायचं असेल तर डिस्क्रीट मॅथ्स, तर्कशास्त्र आणि डेटाबेस हे तीन विषय पक्के हवेत. एम.टेक. प्रवेशाच्या ‘गेट’ परीक्षेतही ते लागतात.

चॅटबॉटबद्दल बोलायचं तर तो प्रोजेक्ट वाईट नाही. पण मुलाखतीत ‘हा का केलास?’ या प्रश्नाला तुमच्या मुलाकडे चॅटबॉटसाठी उत्तर नसेल. या विषयासाठी आहे, आणि ते खरं आहे. सरांची काळजीही मी समजू शकते. त्यांना वेळेत पुरा होणारा प्रोजेक्ट हवा आहे. म्हणून व्याप लहान ठेवायला सांगा: फक्त खरेदी ते पेमेंट, सहा-सात पायऱ्या, दहा-बारा अटी.

साधनांना खर्च नाही. डेटाबेससाठी पोस्टग्रेस, अटी लिहायला मिनीझिंक किंवा गूगलचं ओआर-टूल्स, सगळं फुकट मिळतं. मिनीझिंकमध्ये एकमेकींशी भांडणाऱ्या अटींचा छोट्यात छोटा गट काढून देणारी सोयही आहे, त्याच्या कामाची. शिकायला कोर्सेरावर मेलबर्न विद्यापीठ आणि चायनीज युनिव्हर्सिटी ऑफ हाँगकाँग यांचा मॉडेलिंगचा कोर्स चांगला आहे.

डेटा मात्र तुमच्या कंपनीतून आणू नका. एक व्हाउचरसुद्धा पेन ड्राइव्हवर घरी नको, नाव खोडून नको, ‘कोणाला कळणार’ म्हणून तर अजिबात नको. त्याची गरजही नाही. 2019 च्या ‘बीपीआय चॅलेंज’ या स्पर्धेचा डेटा सर्वांसाठी खुला आहे. नेदरलँड्समधून चालणाऱ्या, रंग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या खरेदीच्या नोंदी त्यात आहेत, अडीच लाखांहून जास्त खरेदी बाबी आणि 15 लाखांहून जास्त घटना. पीओ, माल पावती आणि बिल यांची जुळवणी हाच त्याचा गाभा. त्याच्या जोडीला मुलाने स्वतः शंभर खोटी व्हाउचर बनवावीत आणि मुद्दाम चुका पेराव्यात. पेरलेल्या चुकांपैकी किती सापडल्या हे मोजता येतं, आणि परीक्षकांना असे आकडे दाखवता येतात.

आणि इथे त्याला तुमची गरज लागेल. पुस्तकात अटी कडक असतात. तुमच्या कारखान्यात सळ्या वजनावर येतात तेव्हा थोडा फरक चालवून घेतात. मशीन बंद पडलं की स्पेअर आधी येतो आणि पीओ नंतर निघते. अर्धा माल आज, अर्धा पुढच्या आठवड्यात, बिल एकच. हे अपवाद त्याला माहीत नसतील तर त्याचा प्रोग्रॅम बरोबर व्यवहारांनाही दिवसभर चूक ठरवत बसेल, आणि चार दिवसांत लोक त्याच्याकडे बघणं सोडतील. कुठली अट मोडली की गंभीर आणि कुठली मोडली तरी चालते, ही माहिती कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही. ती तुमच्याकडे आहे.

तेव्हा येत्या रविवारी दोघं जेवणाच्या टेबलावर बसा. एका मोठ्या कागदावर मालाची गाडी गेटवर आल्यापासून बँकेतून पैसे जाईपर्यंतच्या पायऱ्या तुम्ही सांगा, त्याला काढू द्या. प्रत्येक पायरीखाली तीन गोष्टी लिहा: कोणता कागद तयार होतो, त्यावर कोणता आकडा असतो, आणि तो आधीच्या कोणत्या आकड्याशी जुळायला हवा. काटा पावती विसरू नका. मग खाली 500, 480 आणि 576 हे आकडे घालून तो हिशोब त्याने स्वतः हाताने सोडवावा. पुढच्या आठवड्यात गाइड सरांकडे जाताना त्याने सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्याच्या, वर तोच कागद ठेवावा.