नवीन दवाखाना सुरू करताना पूर, वीज, आजारपण यांची तयारी कशी करावी? विमा पुरेसा आहे का?

डॉक्टर, तुम्ही सांगलीत हरभट रोडच्या मागे तळमजल्यावरचा गाळा भाड्याने घेतलाय, महिन्याभरात ओपीडी सुरू करताय, आणि पूर आला, वीज गेली, स्टाफ सोडून गेला तर विम्यावर भागेल का, असं विचारलंय. मी याच भागात 2003 पासून जनरल प्रॅक्टिस करते. विमा काढाच, पण त्यातून फर्निचर आणि मशीनचे पैसे मिळतात. दवाखाना आठ दिवस बंद राहिला तर तुमच्या पेशंटच्या गोळ्या चालू कशा राहतील, हे आधी ठरवा. बाकीची तयारी त्याच्या मागून येते.

हे मला 2019 मध्ये कळलं. 2005 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. त्याची रेघ माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर होती, रंग दिला तरी ओल उमटायची. ऑगस्ट 2019 मध्ये पुलाजवळ 45 फुटांची धोका पातळी ओलांडली तेव्हा आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या रेघेवर भरवसा ठेवला. ईसीजी मशीन मी माळ्यावर टाकलं आणि केसपेपरचे गठ्ठे रेघेच्या हातभर वर फळीवर रचले. पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं. ओसरल्यावर शटर वर केलं तर फळी भिंतीला होती, पण केसपेपरचा लगदा झाला होता. एक पान सुटं करायला गेले, तर बोटाला शाई लागली आणि कागद हातातच विरघळला. मशीन शाबूत होतं.

त्याच दिवसांत एका शाळेतल्या निवारा केंद्रात माझी एक पेशंट भेटली, तेरा वर्षांची, फिट्सची. गोळ्या घरात पाण्याखाली गेल्या होत्या, चार दिवस डोस नव्हता, आदल्या रात्री झटका येऊन गेला होता. आईला गोळीचा रंग सांगता येत होता, नाव नाही. मला नाव आठवलं, पण मागच्याच महिन्यात डोस वाढवला होता, तो किती ते आठवेना. तिचे मिरजेचे न्यूरॉलॉजिस्ट फोनवर मिळेपर्यंत दुपार झाली. मुलगी आज कॉलेजात आहे, पण ती दुपार मी विसरलेले नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक वही आहे. ज्यांचा डोस चुकून चालत नाही, त्यांचीच नावं तिच्यात: फिट्स, इन्शुलिन, टीबी, वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी), दम्याचे पंप, डायलिसिस, नववा महिना. नाव, स्वतःचा आणि नातेवाइकाचा मोबाइल, औषध, डोस, कुठल्या मेडिकलमधून घेतात. माझ्याकडे एकशेचाळीसच्या आसपास नावं आहेत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सिस्टर वही तपासतात आणि तिचे फोटो माझ्या व कंपाउंडरच्या मोबाइलमध्ये जातात. (लोकांची खासगी माहिती आहे, मोबाइलला लॉक हवंच.) पुलाची पातळी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे जायला लागली की कंपाउंडर फोन सुरू करतो: पंधरा दिवसांच्या गोळ्या आजच घ्या, चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा हे फोन दीड दिवसात संपले. तुम्ही पहिल्या पेशंटपासून ही वही सुरू करा. नंतर करायला बसलात तर ती कधीच पूर्ण होत नाही.

लशी ठेवणार असाल तर वीज गेल्यावर फ्रिजचं दार उघडू नका, आत थर्मामीटर ठेवा, 2 ते 8 अंश. हलवायची वेळ आली तर घाईत एक चूक होते: आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट व्हॅक्सिन कॅरियरमध्ये, म्हणजे लशी नेायच्या थंड डब्यात.‌ डीपीटी, हिपॅटायटिस बी, टीटी या लशी गोठल्या की वाया जातात, आणि बाटलीकडे बघून ते नेहमी कळतंच असं नाही. पॅक बाहेर ठेवायचा, त्याला घाम सुटू द्यायचा, कानाजवळ हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच भरायचा.

वापरलेल्या सुयांचा पांढरा डबा आणि रक्त लागलेल्या कापूस-पट्ट्यांच्या पिवळ्या पिशव्याही सगळ्यात आधी हलवा. आमच्या गल्लीत पिवळी पिशवी तरंगताना मी पाहिली आहे, आणि त्याच पाण्यातून माणसं अनवाणी चालत होती. पिवळ्या पिशवीतला कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कचरा नेणारी गाडी येणार नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारणासह लेखी कळवा.

आता विमा. पॉलिसीत पूर आहे का ते शब्दशः वाचा आणि सामानाची रक्कम आजच्या किमतीने लावा. कमी रक्कम दाखवली तर नुकसानभरपाईही त्या प्रमाणात कापली जाऊ शकते. प्रोफेशनल इंडेम्निटी (उपचारात चूक झाली म्हणून पेशंटने दावा केला तर लागणारी पॉलिसी) वेगळी घ्यावी लागते आणि तिच्यात एकही वर्ष खंड पडू देऊ नका. ती बहुतेक वेळा दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षीच्या पॉलिसीवर चालते. मध्ये खंड पडला तर आधीच्या वर्षांतल्या केसेस उघड्या पडतात.

मारहाणीची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण असणारच. महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. कायदा नंतर कामी येतो. पेशंट गंभीर असेल तर नातेवाइकांपैकी एकाला बाजूला घेऊन दर थोड्या वेळाने स्वतः बोलत राहा, आणि तुमच्या खुर्चीमागे बाहेर पडायला दार असू द्या. गाळा घेताना हे बघता येतं.

स्टाफचं म्हणाल तर कुठलंही काम एकट्याच व्यक्तीला येतं अशी स्थिती ठेवू नका. आणि डॉक्टर, दवाखाना सर्वांत सहज बंद पडतो तो तुमच्या स्वतःच्या आजारपणाने. मला डेंग्यू झाला तेव्हा तीन आठवडे शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी माझे पेशंट पाहिले. आमचं आधीच ठरलेलं होतं: पेशंट तपासायचा, चिठ्ठीवर लिहायचं आणि बरं झाल्यावर मूळ डॉक्टरकडे परत पाठवायचं. असे एक डॉक्टर तुमच्या भागात शोधा, उद्घाटनाच्या आधीच. जमल्यास त्यांचा दवाखाना विश्रामबागेकडे, उंचावर असू द्या, म्हणजे पाणी आलं तर दोन तास तिथेच बसता येईल. पूर ओसरल्यावर लेप्टो (घाण पाण्यातून होणारा ताप), जुलाब, पायाच्या जखमा घेऊन माणसं येतात, आणि तेव्हा ती तुम्हालाच शोधत असतात.