ऱ्होड्सचा कोट: आधी खंदक, मग राजवाडा

प्रश्न: ग्रीसच्या सहलीत ऱ्होड्स शहरासाठी दीडच दिवस आहे. जुना कोट पायी नीट पाहायचा तर सुरुवात कुठून करावी?

दीड दिवस पुरतो, फक्त क्रम उलटा लावा. बहुतेक पर्यटक बंदरावरच्या सागरी दरवाजातून आत शिरतात, सोक्रातूस रस्त्यावरच्या दुकानांत रेंगाळतात आणि राजवाडा उरकून परततात. तुम्ही आधी खंदकात उतरा. खंदकाला तिकीट नाही. एक वाट अँब्वाझ दरवाजाजवळून उतरते, दुसरी अकांडिया दरवाजाच्या बाजूने. सकाळी लवकर गेलात तर भिंतींची सावली मिळते. दुपारी तिथे भट्टी असते. पाणी सोबत घ्या, खाली दुकान नाही.

हा खंदक कोरडाच ठेवलेला होता. 1480 मध्ये तुर्कांचा वेढा सेंट जॉनच्या नाइट्सनी (तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या लढवय्या ख्रिस्ती संघाने) परतवला खरा, पण तोफांपुढे उंच, पातळ भिंत टिकत नाही हे त्यांना कळून चुकले. त्यात 1481 चा भूकंप झाला. मग पुढची चाळीस वर्षे तट जाड करणे, खंदक रुंदावणे आणि बुरूज बुटके व रुंद करणे हेच काम चालू होते. काही ठिकाणी तटाची जाडी 12 मीटरपर्यंत आहे. खंदकाच्या मधोमध सुट्या उभ्या भिंती दिसतील. त्या पडझडीतून उरलेल्या नाहीत, मुद्दाम बांधलेल्या आहेत: मुख्य तटाच्या पायथ्यावर थेट मारा होऊ नये म्हणून. जागोजागी दगडी तोफगोळे पडलेले आहेत.

चालताना तटावर कोरलेली राजचिन्हे पाहत जा. नाइट्सच्या प्रत्येक भाषिक गटाकडे तटाचा एकेक भाग राखायला दिलेला होता. 1522 मध्ये सुलतान सुलेमानने जो वेढा घातला, त्यात इंग्लंड गटाच्या भागाखाली सुरुंग लावून भगदाड पाडले गेले. तरीही शहर डिसेंबरपर्यंत झुंजले, आणि 1 जानेवारी 1523 रोजी नाइट्स बेट सोडून गेले.

वर आलात की अँब्वाझ दरवाजातून आत जा. हा 1512 चा. दोन गोल बुरूज, खंदकावरचा पूल, आणि आत गेल्यावर वळणे घेणारी वाट. गोमुखी दरवाजा पाहिलेल्या मराठी माणसाला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही.

प्रश्न: तटावरून चालता येते असे ऐकले, पण गेलेल्यांना दार बंद मिळाले. असे का?

फांजी, म्हणजे तटावरची चालवाट, रोज उघडी नसते. ठरावीक वारी, थोड्याच तासांसाठी, वेगळ्या तिकिटावर सोडतात आणि वेळ हंगामानुसार बदलते. वाट राजवाड्याच्या अंगणातून सुरू होते, म्हणून पोहोचल्या दिवशीच तिथल्या तिकीट खिडकीवर विचारून घ्या आणि बाकीचा बेत त्याभोवती बसवा. काही भागांत कठडा नाही, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नका. वार जुळला नाही तर हळहळू नका. वरून घरांची छपरे आणि मिनार छान दिसतात, पण तट कसा लढत असे ते खंदकातूनच कळते.

प्रश्न: ग्रँड मास्टरचा, म्हणजे नाइट्सच्या प्रमुखाचा, राजवाडा कितपत अस्सल?

खालचा काही भाग जुना आहे. बाकी बराचसा 1937 ते 1940 मध्ये तेव्हा बेटावर असलेल्या इटालियन सत्तेने नव्याने उभारला. 1856 मध्ये शेजारच्या सेंट जॉन चर्चखालच्या तोफांच्या दारूच्या साठ्यावर वीज पडली. स्फोटात चर्च गेले आणि राजवाडाही उद्ध्वस्त झाला. आतल्या जमिनीवरची सुंदर मोझेइक जुनीच, मात्र कोस बेटावरून आणून बसवलेली. हे ठाऊक ठेवून पाहिला तर राजवाडा रंजक आहे; मध्ययुगीन म्हणून पाहिला तर फसगत. वेळ कमी असेल तर मी नाइट्सच्या इस्पितळाला झुकते माप देईन. पंधराव्या शतकातली ती इमारत आज पुराणवस्तू संग्रहालय आहे. रुग्णांचा लांबलचक दालन-कक्ष आणि संगमरवरातली छोटी, बसलेली अ‍ॅफ्रोडाइटी (ग्रीक प्रेमदेवता) चुकवू नका. तिथून राजवाड्याकडे चढत जाणारा नाइट्सचा रस्ता जेमतेम 200 मीटर आहे, पण तो प्राचीन शहराच्या सरळ रस्त्यावरच बेतलेला आहे. शहर इ.स.पू. 408 मध्ये वसले, आखीव रस्त्यांसह.

प्रश्न: कोलोसस हा प्राचीन महाकाय पुतळा नक्की कुठे उभा होता?

जागा निश्चित नाही. मांद्राकी बंदराच्या तोंडाशी दोन खांबांवर हरणांचे पुतळे आहेत आणि तिथे तो पाय फाकून उभा होता असे सांगितले जाते. सुमारे 33 मीटर उंचीच्या ब्राँझच्या पुतळ्याला ते जमणारच नव्हते. भूकंपात तो इ.स.पू. 226 च्या सुमारास गुडघ्यांतून मोडला. मांद्राकीला जा, पण संध्याकाळच्या वाऱ्यासाठी आणि धक्क्यावरच्या तीन पवनचक्क्यांसाठी.

प्रश्न: मुक्काम कोटाच्या आत करावा का? आणि एक दिवस बोटीने तुर्कस्तानातल्या मार्मारिसला जाऊन यावे म्हणतो.

मुक्काम आतच करा. क्रूझ जहाजांची गर्दी संध्याकाळी ओसरते आणि मग गल्ल्या तुमच्याच. फक्त गाड्यांना आत मज्जाव असल्याने बॅग दरवाजापासून स्वतः न्यावी लागते. गल्ल्यांत समुद्रातले गोटे उभे बसवलेले आहेत. त्यांवर छोटी चाके अडकतात, तुटतात. पाठीवरची सॅक बरी. हॉटेलला सर्वांत जवळचा दरवाजा कोणता ते आधीच विचारा. गोटे झिजून गुळगुळीत झाले आहेत, पाऊस पडला की हमखास घसरायला होते, म्हणून रबरी तळाचेच बूट घाला.

मार्मारिसचे जपून. तिथे जाणे म्हणजे शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर पडणे. भारतीय पासपोर्टवरचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर तो तिथेच संपतो आणि परतीच्या बोटीत चढता येत नाही, मग सामान ऱ्होड्सच्या खोलीत आणि तुम्ही तुर्कस्तानात. तुर्की व्हिसाही वेगळा लागतो. व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात ‘01’ आहे की ‘मल्ट’ (MULT, अनेकदा प्रवेश) ते पाहा. ‘01’ असेल तर बोट सीमी बेटाची पकडा. ते ग्रीसमध्येच आहे.