क्रॉप बॉडीवर ५० एमएमची लेन्स खरंच ८० एमएम होते का?

तुमचा प्रश्न असा: कॅनन १५००डी (क्रॉप बॉडी, म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर छोटा असलेला कॅमेरा) आणि सोबतची १८-५५ झूम लेन्स आहे, बहिणीच्या लग्नासाठी ५० एमएम घ्यायचीय. ती ८० होते म्हणतात ते खरं का, आणि उद्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घेतला तर लेन्स चालेल का?

होत काही नाही, लेन्स ५०चीच राहते. ती मागे भाकरीसारखं गोल चित्र पाडते. फुल फ्रेमचा सेन्सर (३६ × २४ मिमी) त्यातला मोठा तुकडा उचलतो, तुमचा (२२.३ × १४.९ मिमी) मधलाच छोटा. ३६ला २२.३नं भागलं की १.६, आणि ५०ची १.६ पट म्हणजे ८०. म्हणजे फुल फ्रेमवर ८० लावून जेवढं दिसेल, तेवढंच तुम्हाला ५०मधून दिसतं.

मला हे साताऱ्यात, एका जुन्या वाड्यातल्या हळदीला कळलं. माजघर गच्च भरलेलं, माझी पाठ भिंतीला आणि नवरी दहा फुटांवर. तेवढ्या अंतरावर ५०मधून फुल फ्रेमवर सात फूट रुंदी मावते, क्रॉपवर जेमतेम साडेचार. नवरी आली, करवल्या अर्ध्या कापल्या गेल्या. मुकाट्यानं जास्त रुंद दिसणारी १८-५५ चढवली. मांडवात, मोकळ्यावर चेहरे टिपायला मात्र ५० झकास. उजेडाचं म्हणाल तर एफ १.८ (लेन्स किती उघडते त्याचा आकडा) दोन्हीकडे १.८च.

आता बसण्याचं. कॅननच्या लेन्सच्या मागच्या कडेजवळ खूण असते: लाल ठिपका म्हणजे ईएफ, पांढरा चौकोन म्हणजे ईएफ-एस, क्रॉपसाठीची. ईएफ दोन्ही बॉड्यांवर बसते. ईएफ-एसचा मागचा भाग जास्त आत जातो आणि फुल फ्रेम बॉडीतला मोठा आरसा त्यावर आपटेल, म्हणून कॅनननं ती बसूच दिलेली नाही. कासच्या फुलांसाठी हौसेनं घेतलेली माझी ईएफ-एस १०-१८ मी फुल फ्रेमची ६डी आणल्यावर विकून टाकली. (निकॉनची क्रॉपसाठीची डीएक्स लेन्स निकॉनच्या फुल फ्रेमवर बसते, बॉडी फक्त मधला भाग घेते.)

कॅननच्या आरसा नसलेल्या आर मालिकेत अडॅप्टर (मधला जोड) लावून दोन्ही बसतात, पण ईएफ-एस लावली की मधलाच भाग वापरला जातो आणि त्यातल्या फुल फ्रेम ईओएस आरचे ३० मेगापिक्सेल बारावर येतात. उलट, त्या मालिकेची आरएफ लेन्स तुमच्या १५००डीवर बसणार नाही. सेकंडहँड घेताना तेवढं बघा.

कॅननची ईएफ ५० एफ १.८ लाल ठिपक्याचीच आहे, बिनधास्त घ्या. १८-५५ मात्र एवढ्यात विकू नका. हळद घरातच आहे ना?