आजीचे राणीछाप रुपये उजळून विकावेत का?

प्रश्न : घराची डागडुजी करताना माजघरातल्या फडताळात आजीचा पितळी डबा सापडला. त्यात चांदीचे तेरा रुपये निघाले. नऊ राणीछाप, तीन पंचम जॉर्जचे (त्यांतला एक १९११ चा) आणि एक १८८२ चा पोर्तुगीज. सगळे काळवंडले आहेत. जाऊबाई म्हणतात, आमसुलाच्या पाण्यात बुडवून रांगोळीने घासावेत; सराफही उजळून द्यायला तयार आहेत. विकण्यापूर्वी हे करावे का, आणि ग्रेडिंग (परीक्षकांकडून नाण्याची प्रत ठरवणे) करून घ्यावे का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : कृपया एकही नाणे घासू नका, आणि सराफांकडे उजळायलाही देऊ नका. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन हा काळा थर बसतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो लवकर चढतो. पण तो मळ नव्हे, आणि जाणकार संग्राहकाला एकसारखा काळवंडलेला रुपया घासून पांढऱ्या केलेल्या रुपयापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. आमच्या घरी १८७७ चा एक रुपया दिवाळीच्या भांड्यांबरोबर रांगोळीने घासला गेला. खिडकीशी तिरका धरला की राणीच्या गालावर केसाएवढ्या रेघांचे जाळे दिसते, अक्षरांच्या खाचांत मात्र काळे तसेच राहिले आहे. मला त्याची हळहळ अजून वाटते, कारण ते नुकसान भरून येत नाही.

कडेने धरून प्रत्येक नाणे असेच उजेडात फिरवून पाहा. टाकसाळीतली मूळ झळाळी शिल्लक असेल तर ती चाकाच्या आऱ्यांसारखी नाण्यावर फिरते. प्लास्टिकच्या पिशवीचा हिरवट चिकटा कुठे लागला असेल, तर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे काही मिनिटे बुडवून, न पुसता, आपोआप सुकू द्यावे. मात्र हे मोकळ्या हवेत आणि चुलीपासून लांब करावे.

ग्रेडिंग सगळ्यांचे करू नका. परीक्षक १ ते ७० च्या मापात अंक देतात, पण घासलेल्या नाण्याला अंक न देता तसा शेरा मारतात, आणि शुल्क दोन्ही वेळा लागतेच. राणीछाप रुपयाचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात शेकडा ९१.७ चांदी असते; झिजलेल्या, नेहमीच्या सालाच्या नाण्याला चांदीच्या भावाहून फार अधिक मिळत नाही, म्हणून तिथे शुल्क वाया जाते. १९११ च्या रुपयाचा मात्र वेगळा विचार करा. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोकांनी आक्षेप घेतला आणि १९१२ पासून ते चित्र बदलले गेले. तो हत्ती स्पष्ट असेल आणि झळाळी टिकली असेल, तर त्या एका नाण्यासाठी खर्च करावा. पोर्तुगीज रुपया गोव्यातल्या एखाद्या संग्राहकाला दाखवून मगच भाव ठरवा. सराफ तो बहुधा वजनावरच घेतील.

शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, म्हणून ग्रेडिंगसाठी ती परस्पर परदेशी टपालाने पाठवू नका. विक्री होईपर्यंत प्रत्येक नाणे आम्लरहित कागदाच्या वेगळ्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि पावसाळ्यात ती पुडी मधूनमधून बदला.